वरच्या वाडीची लाइन : प्रकल्प नोंदी

१२ नोव्हेंबर २०१७

वरच्या वाडीला वीज न्यायच्या कामासाठी आज पहिल्यांदा वर जाऊन आलो. मंडणगड तालुका, बाणकोट खाडीच्या काठचं गाव. खालच्या वाडीत शाळा, देऊळ, दोन दुकानं आणि शाळेच्या मागे डीपी, म्हणजे घरांना वीज वाटणारा ट्रान्सफॉर्मर. तिथून पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, चढायला लागलं की पऱ्या (ओढा) लागतो, मग रानाचा तुकडा, मग जांभ्याचा उघडा सडा, आणि सड्याच्या पलीकडच्या कुशीत वरची वाडी. माझ्या पायाने पाऊण तास. सतरा घरं, त्यांतल्या पाचांना कुलूप.

एका आजींच्या ओटीवर बसलो. भिंतीत रॉकेलच्या चिमणीसाठी कोनाडा, आणि कोनाड्याच्या वर छपरापर्यंत गेलेला काजळीचा पट्टा. दरवर्षी गणपतीत भिंत सारवतात, दिवाळीपर्यंत पट्टा परत उमटतो. रॉकेल रेशनवर मिळतं तेवढंच. मोबाइल मात्र जवळजवळ प्रत्येक घरात आहे. आठवीतला एक मुलगा शाळेत येताना सगळ्यांचे मोबाइल एका पिशवीत घालून खाली आणतो, दुकानात चार्जिंगला लावतो आणि संध्याकाळी वर नेतो. कुणाचा कुठला ते कळावं म्हणून प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलाय. आजींच्या मोबाइलला गोधडीतला लाल.

सरकारी यादीत हे गाव कधीच 'विद्युतीकृत' झालंय. १९९७ पर्यंतची व्याख्या अशी होती की गावाच्या महसुली हद्दीत कुठल्याही कामाला वीज वापरली की झालं गाव विद्युतीकृत. एखादा पंप चालला तरी पुरे. २००४ पासून ती कडक झाली: वस्तीत आणि दलित वस्तीत ट्रान्सफॉर्मर व तारा हव्यात, शाळा-पंचायत-दवाखाना यांना वीज हवी आणि किमान १० टक्के घरांत जोडणी हवी. म्हणजे शंभरातली दहा घरं उजळली की गाव मोजून मोकळं. देशावर घरं एकाला एक लागून असतात, तिथे दहांच्या मागोमाग उरलेली नव्वद जोडता येतात. आमच्याकडे गाव म्हणजे डोंगरभर विखुरलेल्या वाड्या. खालच्या वाडीतल्या दिव्यांनी वरची वाडी कागदावर उजळली आणि त्यामुळेच ती चाळीस वर्षं कुणाच्या कामाच्या यादीत आली नाही.

२५ सप्टेंबरला घरोघरी वीजजोडणी द्यायची सौभाग्य योजना जाहीर झाली, तिचा हिशेब गावाचा नाही, घराचा आहे. माझ्या मते या कामातला सगळ्यात मोठा बदल हाच. म्हणून आज मी इथे.

१७ नोव्हेंबर

एस्टिमेटवरून खटका. कार्यालयाचं म्हणणं, खालच्या डीपीवरूनच एलटी, म्हणजे घरगुती दाबाची लाइन, वर न्या, दीड किलोमीटर, दोन तारांची सिंगल फेज. स्वस्त आणि झटपट. माझं म्हणणं, ११ केव्हीची उच्च दाबाची लाइन (एचटी) वर चढवा आणि वाडीतच २५ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर बसवा.

गणित सोपं आहे. या तारेचा रोध किलोमीटरला साधारण ०.९ ओहम. दीड किलोमीटर जायचे आणि दीड यायचे, म्हणजे २.७ ओहम. सतरा घरं, संध्याकाळी घरटी अडीचशे वॅट धरले तर सव्वाचार किलोवॅट, म्हणजे १८ अँपियर. १८ गुणिले २.७, जवळजवळ ४९ व्होल्ट वाटेतच गळाले. २३० चे १८० राहतात. नियमाप्रमाणे ६ टक्क्यांहून जास्त खाली जाता कामा नये, म्हणजे २१६ तरी हवेत. १८० वर बल्ब मिणमिणेल, मिक्सर घरघरून बसेल, पंप जळेल. आणि जोडणी झाली असं मात्र लिहिलं जाईल.

२१ नोव्हेंबर

नुसत्या गणिताने ऐकलं नाही. म्हणून शेजारच्या गावात अशीच लांब ओढलेली एक एलटी आहे, तिथल्या शेवटच्या घरात संध्याकाळी सात वाजता मल्टिमीटर लावला. १७१. फोटो काढला. त्या घरातल्या वहिनी म्हणाल्या, "टीव्ही आम्ही रातीच्या अकरानंतर लावतो, सगळी निजली की." फोटो एस्टिमेटला जोडला.

४ डिसेंबर

एचटी मंजूर. एचटीचे २३ खांब, एलटीचे ११. रात्री घरी सांगितलं तेव्हा आवाज चढला होता माझा.

९ डिसेंबर

घरांची यादी. राहती बारा घरं सोपी: २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेच्या यादीत नाव असेल तर जोडणी फुकट, नसेल तर ५०० रुपये, तेही बिलातून दहा हप्त्यांत. प्रश्न पाच बंद घरांचा. माणसं नालासोपारा, विरार, दिव्याला. गणपतीला आणि शिमग्याला येतात, मेमध्ये पोरं घेऊन येतात. यादी करणाऱ्याला ती नकोत, कारण घरात माणूस नाही, सही नाही, ओळखपत्र नाही, आणि त्यांच्यामुळे टक्का खाली राहतो.

मी त्यांची नावं घातली. कोकणातलं बंद घर सोडून दिलेलं नसतं. दारात तुळस असते आणि तिला कुणीतरी पाणी घालत असतं.

२० डिसेंबर

वाडीची बैठक, देवळात. योजनेत दुर्गम घरांसाठी सौर संचाची सोय आहे: २०० ते ३०० वॅटचं पॅनेल, बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक पंखा, एक प्लग आणि पाच वर्षं दुरुस्ती. वरून सुचवलं गेलं की ही वाडी त्यातच बसवा, महिन्याभरात काम संपेल.

मी सौर संचाला कमी लेखत नाही. बांगलादेशात चाळीस लाखांहून जास्त घरांना असे संच मिळाले आणि तार पोचायच्या कितीतरी आधी तिथली पोरं दिव्याखाली अभ्यासाला बसली. तार पाच वर्षांनी येणार असेल तर आज संच घ्यावा, हेच मी वाडीला सांगितलं. पण इथे तार दीड किलोमीटरवर थांबली आहे. आणि कोकणातला पावसाळा म्हणजे चार महिने आभाळ भरलेलं, त्यात घरांवर माड-फणसाची सावली.

बायका मागे बसल्या होत्या. त्यांच्यातल्या एका काकींनी विचारलं, "त्याच्यावर पाणी चढंल काय?" वाडीचं पाणी खालच्या विहिरीवरून डोक्यावर येतं, साठ-सत्तर पायऱ्या. मी म्हटलं, त्या संचावर नाही चढणार. त्या म्हणाल्या, "मंग तारच आणा, थांबू आमी."

त्यांच्या तोंडून तो 'थांबू' ऐकला तेव्हा या कामाची तारीख मनाशी पक्की केली: मे अखेर.

२६ जानेवारी २०१८

ग्रामसभा. लाइनचा २२० मीटरचा तुकडा वनजमिनीतून जातो. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) मध्ये वीजवाहिन्यांसाठी सोय आहे: एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. आमचा पट्टा ७ मीटर रुंद, म्हणजे १,५४० चौरस मीटर, साडेपंधरा गुंठ्यांच्या आत. झाडं नऊ: चार आईन, तीन किंजळ, दोन रायवळ आंब्याची. ठराव एकमताने. कागद वनखात्याकडे रवाना.

२४ फेब्रुवारी

या आठवड्यात घारापुरीला वीज पोचली. समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर केबल टाकून. राजबंदर, मोराबंदर, शेतबंदर या तिन्ही वस्त्यांना आजवर संध्याकाळचे काही तास जनरेटरवरच भागवावं लागायचं. लेणी बघायला जग येतं, समोर मुंबईचा झगमगाट दिसतो, आणि बेटावर स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी तार येते.

बातमी वाडीत वाचून दाखवली. म्हातारे गावकर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कोयनेचं पाणी आपल्याच घाटाखाली पोफळीला पडतं, ते काम चालू होतं तेव्हा मी तिथे माती उचलायला गेलो होतो." कोयनेची वीज १९६२ ला सुरू झाली. त्याच्याही आधी, १९१५ ला, खोपोलीच्या पाण्यावरची वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. भिवपुरी १९२२, भिरा १९२७. सह्याद्रीच्या पायथ्याचं कोकण शंभर वर्षं वीज देतंय. गावकरांच्या घरात अजून चिमणी आहे.

५ मार्च

संमतीपत्रं. यासाठीच शिमग्याची वाट बघत होतो.

लाइन नऊ गट नंबरांतून जाते. एका गटाच्या सातबाऱ्यावर ३१ नावं आहेत. आजोबा, पणजोबा वारलेले, वारसनोंदी झालेल्या नाहीत, अर्धे मुंबईत, दोघं सुरतेला, एक बाई लग्न होऊन महाडला. जमीनमालकाच्या संमतीशिवाय खांब रोवता येत नाही. अडलंच तर जिल्हाधिकाऱ्यांकडून परवानगी मिळवता येते, पण ती वाट मी घेतली नाही. बंदोबस्तात रोवलेल्या खांबाचा ताण (खांबाला ओढून धरणारी तार) पुढे कोण सैल करेल ते सांगता येत नाही, आणि वाडीत कायमचं वैर राहतं.

परवा पालखी वरच्या वाडीत आली. अंगणात ढोल, खालूबाजा, पालखी नाचवून झाली, देव घराच्या ओटीवर बसला. तेव्हा गावकरांनी सगळ्यांना थांबवलं आणि गाऱ्हाणं घातलं, त्यात लाइनचंही घातलं. त्यानंतर सुपावर कागद ठेवून सह्या सुरू झाल्या. गुलालाची बोटं, त्यामुळे अंगठे अर्धे निळे, अर्धे गुलाबी उठले. एका दिवसात २४ सह्या. तीन महिने फोन करून मला चार मिळाल्या होत्या.

एक काका अडून बसले. त्यांच्या सहा हापूस कलमांवरून तार जाणार होती. त्यांचंही खरं आहे, कलम धरायला आठ-दहा वर्षं जातात. खांब क्र. ११ बारा मीटर डावीकडे घेतला, एक कोन आणि दोन ताण वाढले, कलमं वाचली. सही मिळाली. वाढलेल्या ताणांचा खर्च एस्टिमेटमध्ये नाही, तो आम्ही सोसायचा ठरवलं.

१९ मार्च

माल आला. खालच्या अंगाला सिमेंटचे पीएससी खांब, कारण खाडीचा खारा वारा लोखंड खातो. वर लोखंडीच, कारण पीएससी खांब पाखाडीने चढवणं माणसाच्या ताकदीबाहेरचं आहे. लोखंडी खांब सहा-आठ जणांच्या खांद्यावर जातो. तीन हात रेड ऑक्साइड आणि वर ॲल्युमिनियम रंग मारून घेतोय.

२ एप्रिल

खड्डे. आठ मीटरच्या खांबाला दीड मीटर खोल हवा. मातीत दोन माणसं दिवसाला चार काढतात. सड्यावरच्या जांभ्यात पहार आणि छिन्नीने दोन दिवसांत एक. आज तीन पहारींची टोकं वाकली. कुणी सुचवलं मीटरभरात भागवा, वर काँक्रीट टाका. नाही भागवणार. पावसाळी वारा सड्यावरून कसा येतो ते मला माहीत आहे.

३० एप्रिल

परवा, २८ तारखेला, मणिपूरमधलं लैसांग जोडलं गेलं आणि देशातलं प्रत्येक गाव विद्युतीकृत झाल्याचं जाहीर झालं. २०१५ च्या १५ ऑगस्टला हजार दिवसांत वीज नसलेल्या सगळ्या गावांत वीज पोचवायचं ठरलं होतं. अशी १८,४५२ गावं होती.

मला आनंद झाला. लैसांगसारख्या ठिकाणी खांब नेणं काय असतं ते मी आता सांगू शकतो. २००१ च्या जनगणनेत देशातल्या ग्रामीण घरांपैकी ४३.५ टक्के घरांत विजेचा दिवा होता, २०११ ला ५५.३ टक्के. दहा वर्षांत जेमतेम बारा टक्के. त्यानंतर वेग खरोखरच वाढलाय, आणि तो वाढवणाऱ्या हातांमध्ये माझ्या गँगचेही हात आहेत.

पण आज वाडीत गेलो तेव्हा रेडिओवर ती बातमी ऐकलेल्या मुलाने विचारलं, "मग आमची आलेली धरली काय?" हो बाळा, तुमची केव्हाच धरली आहे. हे त्याला सांगताना घशात अडकलं.

१४ मे

ट्रान्सफॉर्मर. तेलासकट अडीच-तीनशे किलो. दोन आडव्या बल्ल्यांवर बांधून सोळा जण, पुढे आठ मागे आठ, आणि चढावर वरून दोर. पऱ्यापर्यंत व्यवस्थित आला. पलीकडच्या ओल्या दगडावर मागच्यांचा पाय सरकला, ट्रान्सफॉर्मर कलंडला आणि तीन हात खाली जाऊन आपटला. कुणाला लागलं नाही, ही देवाची कृपा. बाजूची नळी चेपली, वेल्ड उघडलं, तेल गळायला लागलं.

चूक माझी. दोर एकाच बाजूच्या हुकाला बांधू दिला. दुसऱ्या बाजूने तोलायला दोर असता तर कलंडला नसता. दहा मिनिटांचं काम होतं आणि मी उन्हाच्या आधी वर पोचायच्या घाईत होतो. गळालेलं तेल पऱ्यात जाऊ नये म्हणून माती टाकून भरून घेतलं. ट्रान्सफॉर्मर परत खाली.

२५ मे

बदली ट्रान्सफॉर्मर आला, या वेळी दोन्हीकडून दोर लावून चढवला. अकरा दिवस गेले.

२९ मे

वनखात्याचं पत्र आलं. झाडं तोडायला आजपासून परवानगी.

२ जून

अर्थिंग, म्हणजे ट्रान्सफॉर्मर जमिनीशी जोडणं. हे नीट लिहून ठेवतो, पुढच्या कुणाला उपयोग होईल.

डीपीजवळ तीन खड्डे घेतले, कोळसा-मीठ भरलं, पाणी ओतलं. अर्थ टेस्टरवर ३८ ओहम. ट्रान्सफॉर्मरला पाचच्या आत हवेत. सुका जांभा म्हणजे नुसता दगडाचा स्पंज, विजेला जमिनीत शिरायला वाट देत नाही. अशा अर्थिंगवर वीज पडली तर ट्रान्सफॉर्मर जातो, आणि न्यूट्रल तुटला तर माणूस जातो. आणखी मीठ टाकलं, ३१. पावसाळ्यात कमी होईल, चालवा, असा सल्ला मिळाला. पावसाळ्यात होईल, पण मग पुढच्या एप्रिलचं काय?

आजी बघत होत्या. त्यांनी विचारलं, काय शोधतोस? म्हटलं, ओल. त्या मला डीपीपासून चाळीस-पंचेचाळीस पावलं खाली घेऊन गेल्या, फणसाच्या मागे. "हितं चैतातसुदिक अळू हिरवं असतं." खणलं तर दोन हातांवर गार चिकणमाती. जस्ताची पट्टी तिथवर नेली, इलेक्ट्रोड गाडला. ४.६ ओहम.

१० जून

पाऊस लागला. एचटीचे पाच गाळे (दोन खांबांमधल्या तारा) ओढायचे राहिले, नेमके रानातले. ओल्या लोखंडी खांबावर माणूस चढवायचा नाही, विजा चमकत असताना तर नाहीच. काम बंद.

अकरा दिवस मिळाले असते तर झालं असतं. काकींना सांगायला गेलो. त्यांनी आधी चहा ठेवला.

८ ऑगस्ट

वर गेलो होतो. रानातल्या पट्ट्यात कारवी खांद्याएवढी. खांब सगळे सरळ उभे आहेत.

११ सप्टेंबर

यंदा अधिक महिन्यामुळे गणपती उशिरा, १३ ला. पाचही बंद घरं उघडली. मुंबईच्या मंडळींनी माळा आणल्यात, एलईडीच्या. घरातलं वायरिंग झालंय, मीटर बसलेत, खांब दारात आहेत. त्यांची विनंती, उरलेल्या गाळ्यांत सध्यापुरती केबल लोंबती टाका, दीड दिवसाचा गणपती आहे, मग काढा.

नाही म्हणालो. तपासणी न झालेली ११ केव्ही, ओल्या रानातून, खाली गुरं चरतात. दोन तरुण रागावून उठून गेले. रात्री मी तिथेच थांबलो. मखरापुढे गॅसबत्ती, तिच्या उजेडात त्या माळा गुंडाळलेल्याच ठेवल्या होत्या.

२३ ऑक्टोबर

दसऱ्यानंतर लगेच सुरुवात केली. रागावलेले दोघं तरुण सुटी काढून राहिले आणि तार ओढायला दोराला लागले. पाचही गाळे पूर्ण.

३० ऑक्टोबर

विद्युत निरीक्षकांची तपासणी झाली. रानात एका ठिकाणी जमिनीपासूनची उंची कमी भरली, तारेचा झोळ आवळून घेतला. परवानगी मिळाली.

३ नोव्हेंबर २०१८

दुपारी पावणेचारला खालच्या सेक्शन ऑफिसात परमिट, म्हणजे काम चालू असताना लाइन बंद ठेवायचा परवाना, परत केलं. माणसं किती, हत्यारं किती, सगळं दोनदा मोजलं. लाइनमन भाऊंनी ऑपरेटिंग रॉडने एकेक डीओ (ड्रॉप-आउट फ्यूज) लावला. तिसरा लागला आणि ट्रान्सफॉर्मरने हूं धरला. तो आवाज मी वीस वर्षं ऐकतोय. वाडीतल्या लहान पोरांनी तो पहिल्यांदा ऐकला आणि सगळी एकदम गप्प झाली.

डीपीवर २३४ व्होल्ट. शेवटच्या घरात, सगळे दिवे लावून, २२७.

आजींच्या ओटीवर ९ वॅटचा बल्ब. स्विच त्यांनीच दाबला. प्रकाश पडल्यावर त्यांनी बल्बाकडे पाहिलंच नाही, भिंतीवरच्या काजळीच्या पट्ट्याकडे पाहिलं. सुनेला म्हणाल्या, "किती काळं झालंय गो, आपल्याला दिसलंच नाय." दिवाळीला अजून चार दिवस आहेत. उद्या सकाळी भिंत सारवायला काढणार आहेत.

१६ नोव्हेंबर

सोळा घरं झाली. सतरावं राहिलं. एकटी बाई, घर दिराच्या नावावरच्या जागेत, घरपट्टीची पावती नाही. यादीत 'अपात्र' असा शेरा. ग्रामपंचायतीकडून राहत असल्याचा दाखला घेतला, दिराकडून ना हरकत. तीन खेपा.

२१ नोव्हेंबर

सतरावं झालं.

२१ एप्रिल २०१९

काम संपलं तरी वहीत नोंद करतोय, कारण वर जाऊन आलो.

३१ मार्चपर्यंत सौभाग्यमध्ये देशभरात २ कोटी ६० लाखांहून जास्त घरं जोडली गेली. दीड वर्षात. या वेगाला तोड नाही आणि मी त्याचा साक्षीदार आहे. पण दिवा पेटल्याची तारीख लिहिली जाते, विझल्याची कुणी लिहीत नाही. म्हणून नोव्हेंबरमध्ये मी दहावीच्या एका मुलीला वही दिली होती. लाइट कधी गेली, कधी आली, तेवढंच लिही. तिने एक दिवस चुकवलेला नाही. मार्चचं पान समोर आहे: बारा वेळा गेली, त्यांतल्या नऊ वेळा तासाच्या आत आली. एकदा सव्वीस तास, रानात डीओ उडाला होता आणि खालून वर यायला लाइनमनला वेळ नव्हता. त्यांच्याकडे बावीस वाड्या आहेत आणि ते दोघंच आहेत. हे पान मी सेक्शनला नेऊन दाखवलं. रानाच्या अलीकडे एक एबी स्विच (लाइनचा पुढचा भाग वेगळा बंद करायचा) बसवला तर अर्धा वेळ वाचेल, तसा अर्ज दिलाय.

पंप बसला. वर्गणीतून टाकी झाली. काकी मला विहिरीवर घेऊन गेल्या. घागरी ठेवायचा दगड मधोमध खोलगट झालाय, त्यात आता पावसाचं नाही तर पाइपातून ठिबकलेलं पाणी साचलं होतं, चिमण्या पीत होत्या.

१२ मे २०२०

लॉकडाउन. पाचही बंद घरं भरली आहेत. नालासोपाऱ्याहून, दिव्याहून लोक आले, आधी चौदा दिवस शाळेत राहिले, मग वर गेले. एका घरात नऊ माणसं. यादीतून गाळायला निघालेली हीच ती घरं. एक जण घरून ऑफिसचं काम करतो, सड्यावर रेंज मिळते म्हणून तिथे खुर्ची टाकतो, बॅटरी घरी भरून घेतो. वाडीचा भार दुप्पट झालाय. शेवटच्या घरात २१९. ट्रान्सफॉर्मर पेलतोय.

५ जून

निसर्ग चक्रीवादळ. ३ तारखेला दुपारी श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्याला लागलं आणि खाडीच्या या काठावरून गेलं. आज पायी वर पोचलो, वाट उरलेली नाही. माड मुळासकट आडवे, सड्यावर पत्रे. आमच्या ३४ खांबांपैकी १३ पडले. पीएससी मोडले, लोखंडी वाकले. जांभ्यात दीड मीटर गाडलेले सगळे उभे आहेत. पडले ते मातीतले, आणि झाड अंगावर आलेले. हापूसवाल्या काकांची सहाही कलमं गेली. आम्ही दोघं तिथे उभे होतो, बोलायला काही नव्हतं.

डीपी शाबूत.

२२ जून

मंडणगड, दापोली, श्रीवर्धन, सगळीकडे खांबच खांब पडलेत. बाहेरच्या जिल्ह्यांतून गँग आल्यात, पण आधी सबस्टेशन, दवाखाने, पाणीयोजना, मोठी गावं, आणि मग वाड्या. क्रम बरोबर आहे, मीही तोच लावला असता. रॉकेलच्या चिमण्या परत निघाल्या. रॉकेल मिळत नाही म्हणून एका घरात खोबरेल तेलावर वात.

४ जुलै

खांब खालपर्यंत आले. पावसात वर न्यायला मजूर मिळेना. आज सकाळी पाखाडीच्या तोंडाशी वाडीतली अठ्ठावीस माणसं उभी होती, मुंबईची आणि इथली मिळून. दोर त्यांनीच आणले होते, दोन्ही बाजूंनी बांधायला.

११ जुलै

संध्याकाळी ५.१० ला लाइन चार्ज. अडतीस दिवस. शेवटच्या घरात २२३.

मुलीने वही दाखवली. ३ जूनला 'गेली' लिहून पुढचा रकाना कोरा ठेवला होता. आज तो भरला. ती आता बारावीला जाईल, वही तिच्या धाकट्या भावाकडे देणार आहे. तोच मोबाइलची पिशवी खाली आणायचा.

राहिलेलं काम: खांब १४ चा ताण आवळणे. खांब १९ तात्पुरता लाकडी आहे, पाऊस उघडल्यावर लोखंडी. अर्थिंगच्या पट्टीवर दरड आली आहे, मोकळी करून परत रीडिंग घेणे. एबी स्विचचा अर्ज पुन्हा देणे.